लाकडी फ्लोअरिंगची हमी वर्षांची नको, ऋतूंची हवी

सुतारकामाच्या आणि इंटिरिअरच्या धंद्यात असलेल्या आपल्या कारागीर बांधवांना लाकडी फ्लोअरिंगचे काम आता नवे राहिलेले नाही. शहरातील सदनिका, दवाखाने, कपड्यांची दुकाने, इतकेच काय, कोकणातील आखाती पैशावर उभे राहिलेले बंगले, सर्वत्र हे काम निघते. काम स्वच्छ आहे, दिसायला देखणे आहे आणि दोन-चार दिवसांत हातावेगळे होते. तरीही या कामाने जितके कारागीर अडचणीत आणले तितके क्वचितच दुसऱ्या कामाने आणले असतील.

काम एप्रिल-मेमध्ये पुरे होते. ग्राहक खूश असतो. शेवटचा हप्ता मात्र तो "बघू, जरा वापरून पाहू" म्हणून मागे ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये फोन येतो की पट्ट्यांच्या कडा वर आल्या, चालताना पायाला लागतात, एका कोपऱ्यात तर फ्लोअरिंग तंबूसारखे उचलले गेले आहे. मग ग्राहक मिस्त्रीला धरतो, मिस्त्री मालाला दोष देतो, दुकानदार म्हणतो की बसवणाऱ्याला अक्कल नव्हती, आणि बिल्डर तर कोणाचा फोनच उचलत नाही. चौघांपैकी कोणाच्याही हातात एक आकडासुद्धा नसतो. ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, आणि ज्याचे पैसे अडकले आहेत तो खोटा. पैसे नेहमी कारागिराचेच अडकलेले असतात.

हिशेब करून पाहा. समजा ३०० चौरस फुटांची खोली आहे. माल ४५० रुपये फुटाचा आणि बसवण्याची मजुरी ४० रुपये फूट. म्हणजे माल १ लाख ३५ हजारांचा आणि मजुरी अवघी १२ हजार. त्या १२ हजारांतून दोन मदतनीसांचा रोज आणि टेम्पोचे भाडे गेले की हातात काय उरते? आणि तक्रार आली की ग्राहक म्हणतो, सगळे उखडून नवे घालून द्या. १२ हजार कमावणाऱ्याने १ लाख ३५ हजारांचे नुकसान भरायचे! असा एक प्रसंग छोट्या कारागिराला दोन-तीन वर्षे मागे टाकतो.

आमचे मत सरळ आहे. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते, आणि पाणी मोजता येते. जो कारागीर काम सुरू करण्याआधी ओल मोजतो, ती लिहून ठेवतो आणि कागदावर ग्राहकाची सही घेतो, त्याला ऑगस्टमध्ये भांडावे लागत नाही. जो मोजत नाही, तो दुसऱ्याचा दोष आपल्या डोक्यावर घेऊन बसतो.

लाकूड का फुगते?

लाकूड कापले, वाळवले, पॉलिश केले तरी ते हवेतील ओल घेते आणि सोडते. हवा जितकी दमट तितके लाकडातील पाणी वाढते, आणि काही दिवसांत ते हवेशी जुळवून घेते. हवेतील आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातील ओल साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ६५ टक्के झाली की ती १२ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ८५ टक्के आर्द्रतेत १७ टक्क्यांवर. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास असते, हे आपण जाणतोच.

आता परदेशी माल घ्या. अमेरिकेतील ओकचे फ्लोअरिंग भट्टीत ६ ते ९ टक्के ओलीपर्यंत वाळवलेले असते. तिकडच्या गरम ठेवलेल्या कोरड्या घरांसाठी ते योग्यच आहे. तेच पाकीट पावसाळ्यात मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या उघड्या घरात फोडले की लाकूड पाणी पिऊ लागते. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. वाढते ते रुंदीत. साध्या आडव्या चिरकामाची १२० मिलिमीटर रुंदीची ओकची पट्टी ४ टक्के ओल वाढली तर पावणेदोन मिलिमीटरने रुंदावते. ३ मीटरच्या खोलीत अशा २५ पट्ट्या बसतात. म्हणजे एकूण ४४ मिलिमीटर! भिंतीलगत तेवढी जागा कोणी सोडलेली असते काय? नसते. मग लाकूड वर उठण्याखेरीज दुसरे काय करणार?

येथे आपल्या अनुभवी मिस्त्रींना एक गोष्ट विशेष सांगायची आहे. आपला हात सागवानावर बसलेला आहे. सागवान हे फार शांत लाकूड आहे. त्याच रुंदीची सागवानी पट्टी तेवढ्याच ओलीने ०.९ मिलिमीटर, म्हणजे ओकच्या निम्मीच वाढते. बीच तर ओकपेक्षाही चंचल. तेव्हा "आम्ही तीस वर्षे लाकूड ठोकतोय, कधी काही झाले नाही" हा सागवानाचा अनुभव ओकला आणि बीचला लावू नये. शिवाय आपल्या जुन्या वाड्यांतील माडीच्या तक्तपोशीला वरून आणि खालून दोन्हीकडून हवा लागत असे, त्यामुळे फळीची दोन्ही अंगे सारखीच ओली आणि सारखीच कोरडी होत. आजची पट्टी सिमेंटच्या कोब्यावर पडलेली असते. वरून एसीची कोरडी हवा आणि खालून कोब्याची ओल. दोन अंगांची अशी ओढाताण झाली की पट्टी वाकणारच.

दोष आधी वाचा, हात मग लावा

तक्रार आली की लगेच पटाशी आणि सँडिंग मशीन घेऊन धावू नये. आधी दोष कोणता आहे ते पाहावे, कारण प्रत्येक दोष आपले कारण स्वतः सांगतो.

पट्टीच्या कडा वर आणि मधला भाग खोल, वाटीसारखा, असे असेल तर पट्टीचे खालचे अंग वरच्यापेक्षा ओले आहे. पाणी खालून येते आहे. उलट मधला भाग फुगून कडा खाली गेल्या असतील, तर बहुधा आधी कोणीतरी ओल्या अवस्थेतच कडा घासून टाकल्या आहेत. पट्टी वाळली, कडा खाली बसल्या आणि मध्य वर राहिला. घाईच्या दुरुस्तीने केलेले हे नुकसान आहे आणि ते कायमचे आहे.

हिवाळ्यात किंवा एसीच्या दिवसांत पातळ नाण्याच्या जाडीएवढ्या फटी पडल्या आणि पावसाळ्यात त्या आपोआप मिटल्या, तर तो दोष नाही, लाकडाचा स्वभाव आहे. त्या फटीत लांबी भरू नये. पावसाळ्यात लाकूड फुगले की ती लांबी बाहेर फेकली जाईल आणि कडाही दबतील.

चालताना करकर आवाज येत असेल तर बहुधा खालचा कोबा समतल नाही. १० फुटांच्या सरळ पट्टीखाली ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा नसावा. हा दोष मात्र पाण्याचा नाही, तो बसवणाऱ्याच्या तयारीचा आहे आणि तो बसवणाऱ्याने मान्य केला पाहिजे.

तंबूसारखे उचललेले फ्लोअरिंग पाहिले की दोन ठिकाणी तपासावे. स्कर्टिंग काढून भिंतीलगत जागा सोडली आहे का ते पाहावे. मग खोलीत जड कपाट किंवा स्वयंपाकघराचे ओटे फ्लोअरिंगवर उभे केले आहेत का ते पाहावे. न चिकटवता बसवलेले लॅमिनेट एकाच अखंड तुकड्यासारखे सरकते. त्याला एका बाजूने कपाटाने दाबून धरले की दुसरीकडे ते उसळते.

पाणी कोठून येते हेही जागेवरून कळते. फक्त न्हाणीघराच्या भिंतीलगत दोष असेल तर नळ किंवा गळती. खिडकीखाली असेल तर पावसाचे झोत. एसीच्या खाली असेल तर त्याची नळी तुंबलेली. संपूर्ण खोलीत सारखा असेल तर कोबा किंवा हवा. आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर असेल तर बादलीभर पाण्याने फडके मारण्याची सवय. या शेवटच्या कारणाबद्दल ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, हे विसरू नये.

लॅमिनेट आणि अस्सल लाकूड यांतला फरकही ग्राहकाला माहीत नसतो. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा पत्रा आणि त्यावर छापील कागद. त्याच्या सांध्यात पाणी शिरून कडा फुगल्या तर वाळल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. पट्टी बदलावीच लागते. अस्सल लाकडाचे तसे नाही. ओलीचे कारण दूर केले आणि त्याला वेळ दिला तर वाटीसारखी झालेली पट्टी पुष्कळ वेळा आपणहून सरळ होते. म्हणून अस्सल लाकडाच्या दुरुस्तीचा पहिला नियम असा की गळती बंद करा, हवा खेळती ठेवा, आठ-पंधरा दिवसांनी मीटर लावून आकडा लिहा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत रंधा-सँडिंगला हात लावू नका. त्यासाठी एक अख्खा ऋतू जाऊ शकतो.

काम सुरू करण्यापूर्वीचे चार आकडे

आता मुख्य मुद्दा. काही हजार रुपयांत लाकडाची ओल मोजणारे दोन सुयांचे मीटर मिळते. ज्याच्याकडे रंधा आहे, राऊटर आहे, लेसर लेव्हल आहे, त्याच्याकडे हे मीटर नसणे आम्हाला पटत नाही.

पहिला आकडा लाकडाचा. वेगवेगळ्या पाकिटांतील निदान दहा-बारा पट्ट्या तपासाव्यात. दुसरा आकडा खालच्या प्लायचा, जर प्लायवर काम असेल तर. अमेरिकेतील लाकडी फ्लोअरिंगच्या व्यावसायिक संघटनेचा नियम असा आहे की ३ इंचांपेक्षा अरुंद पट्टीच्या आणि खालच्या प्लायच्या ओलीत ४ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, आणि ३ इंच किंवा त्याहून रुंद पट्टी असेल तर २ टक्क्यांहून जास्त नसावा. हा नियम पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

तिसरा आकडा कोब्याचा. सिमेंट काँक्रीट चांगल्या हवेत महिन्याला साधारण एक इंच वाळते. चार इंचांच्या स्लॅबला चार महिने लागतात, आणि आपल्या पावसाळ्यात तर त्याहूनही जास्त. वरून कोरडा दिसणारा कोबा आतून ओला असतो. साधी परीक्षा अशी की १८ इंच चौकोनी प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने कोब्यावर चिकटवून किमान १६ तास ठेवावा. खाली थेंब जमले किंवा डाग काळा पडला तर काम सुरू करू नये. मात्र काही दिसले नाही म्हणजे कोबा कोरडाच आहे असे नाही. मोठ्या कामासाठी कोब्यात भोक पाडून आतील आर्द्रता मोजणारे यंत्र लावून घ्यावे. किती आर्द्रता चालेल ती मर्यादा गोंदाच्या माहितीपत्रकावर लिहिलेली असते. आपण डबा उघडतो आणि ते माहितीपत्रक फेकून देतो!

चौथा आकडा खोलीतील हवेच्या आर्द्रतेचा. खिडक्यांना काचा नाहीत, भिंतीवरचे प्लास्टर ओले, रंगाचे काम बाकी, अशा घरात लाकूड उतरवून घेऊ नये. "माल पाच दिवस खोलीत ठेवला होता" असे पुष्कळ कारागीर अभिमानाने सांगतात. ओल्या खोलीत पाच दिवस ठेवलेले लाकूड पाच दिवस पाणी पीत असते. ज्या हवेत ग्राहक राहणार आहे, त्या हवेत पाकिटे उघडून ठेवली तरच त्याचा उपयोग. किती दिवस ते मीटरला ठरवू द्या, कॅलेंडरला नको.

हे चार आकडे, तारीख, आणि न्हाणीघरात पाणी भरून गळतीची परीक्षा झाली की नाही, एवढे एका कागदावर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. मोबाईलवर मीटरचा फोटो काढून ग्राहकाला पाठवावा.

"आम्ही नाही म्हटले तर दुसरा करतो"

यावर कारागीर बांधव म्हणतील, ग्राहकाला गृहप्रवेशाची तारीख गाठायची असते, ठेकेदार घाई करतो, आम्ही थांबलो तर दुसरा मिस्त्री ते काम उचलतो. ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याच्या घरी चूल कामावर पेटते त्याला काम नाकारा असे सांगणे सोपे नसते.

तरीही त्याला दोन उत्तरे आहेत. एक, वर केलेला हिशेब. १२ हजारांच्या मजुरीसाठी १ लाख ३५ हजारांची जोखीम घेणे हा धंदा नाही, जुगार आहे. दोन, सरळ नकार देण्याऐवजी आकडा दाखवावा. "साहेब, करणार नाही" असे म्हटले की ग्राहक दुसरीकडे जातो. "साहेब, कोब्यात ओल आहे, हा पाहा कागदाखालचा डाग. तीन आठवडे थांबा, नाहीतर हमी मिळणार नाही असे लिहून द्या" असे म्हटले की बहुतेक ग्राहक थांबतात. पैसे त्यांचेही जाणार असतात.

हमी कशी द्यावी?

दुकानदार दहा वर्षांची, पंधरा वर्षांची हमी छापतात. बारीक अक्षरात लिहिलेले असते की ओलीमुळे झालेल्या नुकसानीला हमी लागू नाही. म्हणजे ज्या कारणाने फ्लोअरिंग बिघडते तेच कारण हमीतून बाहेर! असली हमी ग्राहकाला फसवते आणि शेवटी ओझे बसवणाऱ्यावर टाकते. मालातील ऐब झाकून विकू नये, हा आपल्या व्यापाराचा जुना दंडक आहे. मालाची मर्यादा झाकून विकणे हेही त्याच जातीचे.

आमची सूचना अशी. बसवणाऱ्याने एक पावसाळा आणि एक उन्हाळा एवढीच हमी द्यावी, पण ती पुरी द्यावी. या दोन ऋतूंत बसवण्याचा दोष निघाला तर स्वखर्चाने दुरुस्ती. त्या बदल्यात ग्राहकाने अर्धी शिल्लक काम संपताच आणि उरलेली पावसाळा संपल्यावर ठरलेल्या तारखेला द्यावी. रक्कम आणि तारीख दोन्ही कागदावर असाव्यात. "बघू" या शब्दावर एक पैसाही मागे राहू नये. ज्या फ्लोअरिंगने एक ओला आणि एक कोरडा ऋतू पाहिला, त्याच्या बसवणीत दोष असेल तर तो बहुतेक दिसून गेलेला असतो.

बंद घरांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. आखातात नोकरी करणाऱ्या कितीतरी कोकणी कुटुंबांची घरे वर्षातील बहुतेक महिने कुलूपबंद असतात. दुबईत किंवा दोह्यात पाहिलेले लाकडी फ्लोअरिंग त्यांना आपल्या गावच्या घरी हवे असते. तेथे एसी जवळजवळ वर्षभर चालू असतो, म्हणून लाकूड शांत राहते. येथे घर जून ते सप्टेंबर बंद, आत कोंडलेली ओली हवा. अशा घरात अस्सल ओक घालणे म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात घालणे. कारागिराने स्पष्ट सांगावे की बैठकीत टाईल्स लावा, फार तर माडीवर सागवान लावा, आणि कोणा नातेवाइकाला आठवड्यातून दोनदा घर उघडायला सांगा. एक काम कमी मिळेल, पण सुट्टीवर आलेला तो माणूस गावभर आपले नाव चांगले घेईल.

दुकानदाराची आणि कायद्याची बाजू

कारागिरासाठी माल आणणाऱ्या व्यापाऱ्यालाही यात जबाबदारी आहे. वस्तुविक्री अधिनियम १९३० प्रमाणे, माल कशासाठी हवा हे खरेदीदाराने सांगितले आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून तो घेतला, तर तो माल त्या कामास योग्य असण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे विक्रेत्यावर येते. म्हणून माल घेताना बिलावर लिहून घ्यावे, "तळमजला, सिमेंट कोबा, समुद्रकाठचे गाव". एवढ्या चार शब्दांनी उद्याची टोलवाटोलवी पुष्कळ कमी होईल.

दुसरीकडे ग्राहकाचे हातही आता मोकळे आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. फ्लोअरिंग बसवणे ही सेवा आहे, आणि सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या कामाच्या तक्रारीला शुल्क नाही. म्हणजे आपली बहुतेक सगळी कामे यात येतात. तेथे मोठा आवाज कामाला येत नाही. बिल, आकडे, सही आणि फोटो कामाला येतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याला आयोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मीटर घेणे, एक कागद भरणे आणि ओल्या कोब्यावर काम न करणे, या तीन गोष्टींना भांडवल लागत नाही, शिस्त लागते. एका मोहल्ल्यातल्या किंवा एका लाकूडबाजारातल्या दहा मिस्त्रींनी ठरवून एकच कागद वापरायला सुरुवात केली, तर "तुम्ही नाही तर दुसरा" ही धमकीच बोथट होईल. येत्या पावसाळ्यापूर्वी एवढे करून पाहा.